कव्हर घातलेला कॉम्प्युटर

सोमवार, ४ मार्च

शिवणाची मापं सोडली तर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. पण लेक फोनवर म्हणाली, "आई, कॉम्प्युटर कधी आणि कसा अडकतो ते लिहून ठेवत जा, म्हणजे कारण सापडेल." म्हणून मापांच्या जुन्या वहीची उरलेली पानं कामाला लावली आहेत.

तर पहिल्यापासून. यांच्या घशात गाठ निघाली. २५ तारखेला ऑपरेशन आहे आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागणार आहे. म्हणजे २५ नंतर हे बोलणार नाहीत. एवढं लिहून मी उठले, गॅसवर काही नव्हतं तरी गॅस बघून आले. आता पुढे.

दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. मी त्यांना वाचाबाई म्हणते, अर्थात मनात. त्यांनी यांना वाक्यांची ही भलीमोठी यादी दिली आहे. हे ती कॉम्प्युटरसमोर बसून माइकमध्ये वाचणार, त्यातून मशीन यांचा आवाज तयार करणार, आणि पुढे हे जे टाइप करतील ते यांच्याच आवाजात ऐकू येणार. त्यासाठीच लेकीने हा नवा कॉम्प्युटर पाठवला. धड जुना व्हायच्या आत तो रोज हँग व्हायला लागलाय. चित्र जागच्या जागी थिजतं, माउस हलत नाही, कीबोर्ड बडवला तरी ढिम्म.

यादीचे धडे पाडलेले आहेत. धडा पूर्ण वाचला तरच तो जमा होतो. मध्येच हँग झाला की सगळा धडा वाया, परत पहिल्या वाक्यापासून सुरुवात. इकडे डॉक्टरांनी बजावलंय, घशाला ताण नको, दिवसाला थोडंच बोला. म्हणजे यांच्याजवळ जेवढं बोलणं उरलंय त्यातलं निम्मं हा डबा गिळतोय.

बुधवार, ६ मार्च

शिलाई मशीन अडकलं म्हणून मी कधी घाबरले नाही. आधी सुई बघायची, मग दोरा, मग बॉबिन, मग पट्टा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. इथेही तेच करणार आहे. आज सगळ्या वायरी काढून, पुसून परत लावल्या. हे पहिला धडा नीट वाचून गेले. दुसऱ्यात अर्ध्यावर हँग.

जागेबद्दलही लिहून ठेवते. कॉम्प्युटर मागच्या खोलीत आहे, जिथे गिऱ्हाईक कपडे घालून बघायचं. डबा टेबलाखाली. सुरुवातीला त्याची घरघर माइकमध्ये जायची आणि प्रोग्राम वाक्यं परत करायचा, मागे आवाज आहे म्हणून. मग मी त्याला कव्हर शिवलं. आत मऊ अस्तर, मध्ये स्पंजाचा थर, वरून पडद्याचं जाड कापड, कडेला पायपिंग आणि मागे वायरींपुरती काजं. असं अंगाबरोबर बसलंय की कुठे एक चुणी नाही. घरघर बंद. वाचाबाईंनी फोन करून विचारलं, "आवाज एकदम इतका स्वच्छ कसा यायला लागला?" आवाजाची तक्रार गेली ती गेली, तेवढ्यात हे हँग होणं सुरू झालं. एक निस्तरावं तर दुसरं उभं.

हे म्हणाले, "गरम होत असेल. बॉनेट उघडून बघ."

यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. रस्त्याने जाताना निम्मं शहर यांना बघून आपोआप आरशात बघतं. यांना सगळीकडे गाडीच दिसते. मी म्हटलं, "याला बॉनेट कुठलं? तुम्ही वाचा."

यांनी दुसरा धडा पुन्हा पहिल्यापासून उघडला.

शनिवार, ९ मार्च

लेकीने फोनवरून एकेक सांगितलं आणि मी एकेक केलं. व्हायरस शोधला, सापडला नाही. अपडेट घातले. नको असलेले प्रोग्राम काढले. ती म्हणाली, "आई, तू तर माझ्यापेक्षा पटपट करतेस." बरं वाटलं.

आज खोलीत वाऱ्यासारखा बारीक आवाज येत होता. वाकून हात लावला तर डब्याच्या मागच्या जाळीतून वारा बाहेर येतोय. तिथलं काज जरा मोठं झालं होतं. स्पंजाचा तुकडा कापून बसवला, आवाज गेला.

दुपारी हे वाचायला बसले. पहिलाच धडा, आणि तो संपायच्या आत हँग. अपडेटनेच बिघडवलं असणार. लेकीला तसं सांगितलं.

सोमवार, ११ मार्च

आज वाचाबाईंकडे. खोली छान आहे त्यांची, भिंतींना मऊ तक्ते ठोकलेत. शिवण साधारण.

आतापर्यंत जमा झालेले धडे त्यांनी बघितले. म्हणाल्या, "खूपच मागे पडलात. यादी जितकी पूर्ण, तितका आवाज खरा येईल. शेवटचे धडे प्रश्नांचे आहेत, तेही टाळू नका." मग म्हणाल्या, "यादीनंतर थोडी मोकळी जागा आहे. तिथे घरातले शब्द भरा. ते मशीन बनवत नाही, जसेच्या तसे वाजवतं. काकूंना तुम्ही काय हाक मारता?"

हे म्हणाले, "अगं."

"ते नाही हो, नावाने काय म्हणता?"

"नावाने कशाला? घरात दुसरं आहे कोण?"

वाचाबाई हसायला लागल्या. मी म्हटलं, "आधी यादी पुरी होऊ दे, मग मोकळ्या जागेचं बघू." वेळ किती थोडा राहिलाय आणि यांना गमती सुचतात.

बुधवार, १३ मार्च

हात टेकले. डबा रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. कव्हर काढूनच नेला, म्हटलं उगाच दुकानात मळायला नको. तसंच घडी करून ठेवलंय.

दुरुस्तीवाला भला माणूस आहे. मेमरीची पट्टी काढून, खोडरबराने घासून परत बसवली. "घरी कुठे ठेवता?" असं त्याने विचारलं. मी सांगितलं, "टेबलाखाली, अगदी व्यवस्थित. धूळ म्हणून नाही." तो म्हणाला, "दिसतंच आहे. इतका स्वच्छ मी पहिल्यांदाच बघतोय."

शुक्रवार, १५ मार्च

दुकानातून आणला. तिथे दिवसभर चालू ठेवला होता, एकदाही अडकला नाही म्हणे. खोडरबराची कमाल. घरी आणून जागेवर ठेवला, कव्हर चढवलं, हे दोन धडे सलग वाचून गेले. मी चहात साखर जास्त घातली, आनंदाने.

शनिवार, १६ मार्च

हँग.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. म्हणाला, "काकू, इथे तर घोड्यासारखा चालत होता." मी म्हटलं, "मग तुमच्या दुकानातच बसून वाचू का आम्ही?" तो बिचारा खरंच म्हणाला, या. पण तिथे समोर सायकलवाला पत्रा ठोकत बसतो, तिथे कसलं रेकॉर्डिंग?

मग म्हणाला घरातला करंट कमीजास्त होत असेल. म्हणून करंट सांभाळणारा डबा आणून जोडला. त्यालाही एक छोटं कव्हर शिवावं म्हणते, उरलेल्या कापडाचं.

मंगळवार, १९ मार्च

आज मी यांच्यावर ओरडले.

आवाज बसलाय. सकाळी धडा चालू असताना यांनी मध्येच थांबून पाणी प्यायलं, खोकले, पुन्हा सुरू केलं, आणि शेवटून दुसऱ्या वाक्याला हँग. यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "पुरे झालं. ही वाक्यंच माझी नाहीत. 'कृपया मला थोडे पाणी द्याल का?' असं मी कधी म्हटलंय तुला?"

"मशीनला जसं हवंय तसं म्हणा ना!"

"मी काय म्हणतो?"

"'अगं, पाणी.'"

"मग?"

"मग काय? ते यादीत नाही!" असं मी जोरात म्हणाले. खूपच जोरात. शेजारच्यांची खिडकी लागल्याचा आवाज आला.

हे उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी स्क्रीनकडे बघत राहिले. बाण मध्येच उभा होता.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. माझ्या आईचा आवाज मला आता आठवत नाही. तिचं तोंड आठवतं, हात आठवतात, सुईत दोरा ओवताना ती जीभ कशी बाहेर काढायची ते आठवतं. पण आवाज गेला. कधी गेला तेही कळलं नाही. यांचाही तसाच जाईल, याची मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटत नाही इतकी याची वाटते. म्हणून मी हा डबा बडवत बसलेय, आणि बडवते डब्याला, ओरडते यांच्यावर.

संध्याकाळी चहा नेऊन दिला. मीही बोलले नाही, हेही बोलले नाहीत. हेच पुढे रोज असणार, असं मनात आलं आणि मी काहीतरी निमित्त काढून बोलायला लागले. नळ गळतोय म्हणाले. नळ गळत नव्हता.

गुरुवार, २१ मार्च

सापडलं.

दवाखान्यात जायच्या आधी घर आवरायचं म्हणून धुणं काढलं. त्यात कव्हरही घेतलं. यांनी नुकताच एक धडा अर्धवट सोडला होता, म्हणजे डब्याने सोडायला लावला होता. कव्हर ओढून काढलं, उलटं केलं आणि बघतच राहिले. आतलं अस्तर पिवळं पडलं होतं. जाळीवर जिथे स्पंज ठेवला होता तिथे तर तपकिरी, आणि स्पंज पापडासारखा कडक. इस्त्री टेकवून विसरलं की कापडावर जो रंग येतो तो हा रंग. तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. डब्याच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला.

त्याला श्वास घ्यायला जी जागा ठेवलेली होती ती मी शिवून टाकली होती. वर पायपिंगसुद्धा केलं होतं.

यांना सांगावं की नाही, असंही मनात येऊन गेलं. किती धडे वाया गेले, किती आवाज वाया गेला, आणि मी दुरुस्तीवाल्याशी भांडत होते. मग कव्हर घेऊन बाहेर गेले आणि यांच्या मांडीवर ठेवलं.

"अहो, हे घ्या तुमचं बॉनेट."

यांनी अस्तर बघितलं, बोटाने चाचपलं. हसलं की यांना खोकला येतो, म्हणून भिंतीकडे तोंड फिरवून हसले. खांदे तेवढे हलत होते. मग म्हणाले, "शिवण मात्र फर्स्ट क्लास."

मला रडू आलं. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर परत का नाही बोललात?"

"बोलणं जपून वापरायचं होतं ना? तुझ्याशी वाद घालण्यात किती गेलं असतं!"

शुक्रवार, २२ मार्च

कव्हर काढलं तर घरघर परत आली. ती नको तर कव्हर हवं, आणि कव्हर तर शक्यच नाही. सकाळी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. हसला नाही, त्याबद्दल त्याचे आभार. लांब वायरी दिल्या. डबा दाराबाहेर, दोन खोल्यांमधल्या बोळात ठेवला, वायरी दाराखालून आत घेतल्या, फट टॉवेलने बुजवली. आत फक्त स्क्रीन, माइक आणि हे. बाहेर डबा आणि मी.

डब्याशेजारी स्टूल टाकून बसले आणि वहीच्या पुठ्ठ्याने त्याला वारा घालत राहिले. लेक फोनवर म्हणाली, "आई, त्याची काही गरज नाही गं." गरज नसेना का.

दिवसभरात एकदाही हँग नाही. हे धड्यामागून धडे वाचत होते, मधे लांब लांब थांबत होते. दाराआडून शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता. तेवढाच ऐकत बसले.

रविवार, २४ मार्च

शेवटचा दिवस. काल बरंच झालं, आज फक्त प्रश्नांचे धडे राहिले होते. सहज संपले असते. डबा लोण्यासारखा चालतोय.

पण यांचं आज काय चाललं होतं देव जाणे. आवाज अगदी तळाला गेलाय, तरी दार लावून कितीतरी वेळ आत. मी बोळात. मध्येच "अगं" अशी हाक आली. मी "ओ, आले!" म्हणून पुठ्ठा टाकून धावले, दार उघडलं, तर यांनी हातानेच खूण केली, काही नाही, जा. परत येऊन बसते तोच पुन्हा "अगं." या वेळी जरा चिडक्या सुरात, चष्मा सापडत नसला की मारतात तशी. पुन्हा "ओ, आले!" पुन्हा तेच, हाताने जा. एकदा हळूच मारली हाक, काही नको असताना नुसतं मी घरात आहे ना हे बघायला मारतात तशी. तरी "ओ, आले!" म्हणून गेले. तेव्हा कपाळाला हात लावून बसले होते. मी म्हटलं, "घसा दुखतोय का? काही हवंय का? नाही तर कशाला हाका मारून आवाज दवडताय? धडे वाचा!" आणि दार लावून घेतलं.

शेवटी बाहेर आले तेव्हा प्रश्नांचे धडे तसेच. इतकी धडपड करून यादी अपुरीच राहिली. मला इतका राग आला की जेवण वाढताना भांडी आपटली. यांनी माझ्या हातातून डाव काढून घेतला आणि स्वतः वाढून घेतलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आमटी छान झालीय."

आमटीत मीठ नव्हतं. मला मागाहून कळलं.

सोमवार, २५ मार्च

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर म्हणाले.

शनिवार, ३० मार्च

दवाखाना. यांच्या हातात पाटी आहे, तिच्यावर लिहितात. अक्षर पहिल्यापासून वाईट, आता बायको म्हणून मला एकटीलाच लागतं. नर्स पाटी घेऊन माझ्याकडे येते, "काकू, हे काय आहे?" आज लिहिलं होतं, "उशी गिअरमध्ये अडकलीय." म्हणजे पलंगाच्या दांड्यात.

घरी कपडे आणायला गेले होते. बोळात डबा तसाच होता. वहीचा पुठ्ठा त्याच्यावर ठेवलेला.

मंगळवार, ९ एप्रिल

परवा घरी आणलं. तब्येत बरी आहे. घर शांत आहे, म्हणजे मी सोडून. मी सारखी बोलते. हे पाटीवर लिहीपर्यंत मला धीर निघत नाही, मीच अंदाजाने उत्तर देते आणि ते चुकतं. मग हे पाटी पुसून पुन्हा लिहितात. काल टाळी वाजवून बोलावलं. मी म्हटलं, "टाळीने मी यायची नाही." गेले म्हणा.

शनिवार, १३ एप्रिल

आज दुपारी वाचाबाई स्वतः घरी आल्या. तयार झालेला आवाज कॉम्प्युटरमध्ये बसवायला. डबा परत मागच्या खोलीत आणलाय, उघडाबोडका, भिंतीपासून चांगला लांब. आता घरघर करेना का.

यांनी टाइप केलं आणि मशीन बोललं, "बाई, चहा घेणार." आवाज यांचाच. माझ्या अंगावर काटा आला. पण विचारलं होतं आणि ऐकू आलं सांगितल्यासारखं. वाचाबाई म्हणाल्या, "प्रश्नांचे धडे राहिले ना, म्हणून प्रश्नाचा सूर येत नाही." मी म्हटलं, "हे तसेही कधी विचारत नव्हते, हुकूमच सोडायचे," आणि चहा टाकायला गेले. वाईट वाटलं ते तिथे स्वयंपाकघरात वाटून घेतलं. तेवढे धडे वाचले असते तर.

आधण ठेवलं, कप धुवायला घेतले, तेवढ्यात हाक आली.

"अगं."

"ओ, आले!" म्हणून मी ओल्या हातांनी निघालेसुद्धा. आणि मला ऐकू आलं की "ओ, आले!" दोनदा झालं. एक माझ्या तोंडून आणि एक आतल्या खोलीतून, जरा लांबून, दाराआडून आल्यासारखं.

दारात जाऊन उभी राहिले. हे माउसवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

वाचाबाई म्हणाल्या, "मोकळ्या जागेत यांनी हा एकच शब्द भरलाय. निरनिराळ्या सुरांत. पण एकही कोरा मिळाला नाही, प्रत्येकामागे तुम्ही ओ दिलीय. मी म्हटलं, तुमचा आवाज कापून टाकते, मिनिटाचं काम आहे. तर पाटीवर 'नको' लिहिलं."

यांनी पुन्हा बटण दाबलं. चष्म्याची हाक. मागून मी, "ओ, आले!" मग ती हळू, कशाचीच नसलेली. "ओ, आले!" आणि त्या पाठोपाठ दार उघडल्याचा आवाज, आणि मी, करवादून: "घसा दुखतोय का? काही हवंय का?"

वाचाबाईंनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, "चहा उतू जाईल," आणि परत गेले. चहा खरंच उतू गेला होता. गॅस पुसत तिथेच उभी राहून रडले. लपवायचं काही नव्हतं, दोघांनाही ऐकू जात असणार.

यादी अपुरी राहिली ती राहिली. आता तिच्याबद्दल मी यांना बोलणार नाही.

वाचाबाई गेल्यावर संध्याकाळी मी खिडकीशी उसवलेली बाही घेऊन बसले होते. आतून हाक आली. मागोमाग मशीनमधून माझी ओ पण आली. तरी मी उठून गेले. यांना पाणी हवं होतं.